चिंचेनं घासलेला बाजा

मी एक ट्रम्पेट. पितळी, मेरठच्या कारखान्यात जन्मलेला, नगरच्या बाजारपेठेत वाढलेला. बँडवाले मला नुसतं 'बाजा' म्हणतात. माझा आवाज दोन शेतं ओलांडून जातो, पण आज मी तुमच्याशी हळूच बोलणार आहे, कारण मी स्वभावानं भित्रा आहे. एवढा मोठा आवाज असलेला भित्रा कसा, असं तुम्ही म्हणाल. या, जवळ बसा, सगळं सांगतो.

मेरठच्या गल्लीत माझा पत्रा कापला, वाकवला, डाख देऊन जोडला, आणि पेंढ्यात गुंडाळून रेल्वेत टाकला. नगरला एका लग्नाच्या बँडनं मला घेतलं. तिथं मी वराती काढल्या, फटाक्यांचा धूर खाल्ला, जनरेटरच्या गाडीमागं मैल न् मैल चाललो. एका हळदीत तर नवरदेवाच्या मामानं माझ्या तोंडात पेढा कोंबला होता. पुढं डीजे आले आणि बँडमालकानं एके दिवशी आम्हा सगळ्यांना टेम्पोत घालून रामहरीशेठच्या दुकानात आणून सोडलं.

रामहरीशेठचा धंदा जुनी-नवी वाद्यं विकायचा आणि भाड्यानं द्यायचा. मनुष्य गोड. आलेल्याला आधी चहा, मग वस्तू. शेठ शाळेत फार गेलेले नाहीत, पण माणूस उंबऱ्यात असतानाच तो विकत घेणारा की नुसता हात लावून जाणारा, हे त्यांना कळतं. त्यांच्या शेल्फावर वर्षानुवर्षं बसून मलाही ते कळायला लागलं. तुम्हाला म्हणून सांगतो, बापाबरोबर पोर आलं की शेठ बापाशी बोलतात, पण बघतात पोराच्या हाताकडं. हात खिशात असेल तर वस्तू भाड्यानं सांगायची. हात आपोआप पुढं आला तर विकत सांगायची.

त्या दुकानात मला कशाचं भय होतं, तर काट्याचं. वजनकाट्याचं. दर दिवाळीच्या तोंडावर घंटा ओतणारा एक कारागीर यायचा आणि न खपलेली वाद्यं मोडीच्या भावानं तोलून न्यायचा. माझ्या शेजारी एक थोराड युफोनियम होतं, माझ्याच जातीचं मोठं पितळी वाद्य, आवाजाला मऊ. ते असंच पोत्यात गेलं. कुणी म्हणेल, भाग्यवान, आता कुठल्यातरी देवळात घंटा होऊन टांगलं असेल. असेल. पण तिथं पोचण्याआधी भट्टी लागते, हे म्हणणाऱ्याच्या लक्षात येत नाही.

तर अशा भीतीत असताना, पाऊस ओसरत आलेल्या एका सकाळी, देवळाली प्रवरा गावचे गोरक्षभाऊ दुकानात आले. उसाचे बागायतदार, पांढरी टोपी, पायात चिखल वाळलेले बूट. बरोबर त्यांची आठवीतली लेक, संस्कृती. शाळेत नवा बँड निघाला होता आणि भागवत सरांनी तिला ट्रम्पेट आणायला सांगितलं होतं.

शेठनं त्यांच्या रिवाजाप्रमाणं आधी चकचकीत, नवा, महागाचा ट्रम्पेट दाखवला. गोरक्षभाऊंनी तो खाली ठेवला आणि मला उचललं. लोणी गावच्या बाजारात बैल पारखतात तसं त्यांनी मला पारखलं. तोंडात वाकून बघितलं, पाठीवर थाप मारली, उलटं करून झटकलं.

"किती दाती हाय?" त्यांनी बैलाचं वय विचारावं तसं विचारलं.

शेठ हसले. "जुळलेला आहे भाऊ, सगळे दात आलेला. पण अजून दहा वर्षं नांगराला चालेल."

"खोड काय?"

"खोड काही नाही. मुका नाही, मारका नाही. तेलाचे दोन थेंब वर सोडत जा, बास."

मी संस्कृतीच्या हाताकडं बघत होतो. एक हात ओढणीत गुंडाळलेला आणि दुसरा हवेत, माझ्यापासून वीतभर अंतरावर थांबलेला. पुढंही येईना, मागंही जाईना. असा हात मी कधी पाहिला नव्हता. शेठनंही पाहिला नसावा, कारण त्यांनी नवा ट्रम्पेट परत शेल्फावर ठेवला आणि ते म्हणाले, "भाऊ, आज विकत घेऊ नका. भाड्यानं न्या. पोरगी बँडमध्ये बसली तर घ्या, नाही बसली तर परत आणा."

"परत आनला तर तुमी काय करनार ह्याचं?"

"दिवाळीला मोडवाला येतोच की," शेठ सहज म्हणाले.

ते बोलणं तिथंच संपलं, पण मी ते पुढं कित्येक महिने विसरलो नाही. माझं आयुष्य आता त्या आठवीतल्या मुलीच्या फुंकरीवर होतं आणि तिचा हात तर मला धरायलाही भीत होता.

संस्कृतीच्या घरी मला खिळ्याला टांगलं. संध्याकाळी ती मला घेऊन विहिरीच्या कडेला जायची. पहिले काही दिवस नुसती हवा. मग एकदा आवाज निघाला, भुकेल्या वासरासारखा. ती इतकी दचकली की मी हातातून सुटणार होतो. ओठ माझ्या माउथपीसला लागले की मला माणसाच्या आतलं सगळं कळतं, आणि तिचे ओठ थरथरत असायचे. आवाज निघाला की लोक बघतात, हेच तिला नको होतं. आवाज काढायचा आणि कुणी बघायचं नाही, असं वाद्य मेरठात तरी बनत नाही.

तरी पोरगी चिकाटीची. नवरात्र बसेपर्यंत तिला तीन-चार सूर जमले. भागवत सर दसऱ्यानंतर परीक्षा घेऊन बँड निवडणार होते. मला वाटू लागलं, वाचलो. आणि नेमकी खंडेनवमी आली.

खंडेनवमीला घरातली हत्यारं पूजतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. गोरक्षभाऊंची थोरली बहीण बनुबाई गावातच दिलेली. सणाच्या आवराआवरीला ती माहेरी हक्कानं येते. त्या सकाळी संस्कृती आईबरोबर झेंडू तोडायला गेली होती. अंगणात बनुबाईनं विळे, खुरपी, पहार, समया, तांबे असा सगळा ढीग मांडला होता. तिची नजर खिळ्यावर गेली.

"आन् ह्यो? ह्ये पोरीचं हत्यार न्हाई व्हय?" ती स्वतःशीच म्हणाली. "ह्याची बी पूजा झाली पायजे."

मी ओरडणार कसा? मला फुंकल्याशिवाय ओरडता येत नाही.

तिनं मला समयांच्या शेजारी ठेवलं आणि भिजवलेली चिंच घेतली. मग चुलीतली राख. मग नारळाची शेंडी. मेरठच्या कारागिरानं चढवलेलं सगळं पॉलिश तिनं त्या शेंडीनं उतरवलं. माझ्या तोंडात तांब्याभर पाणी ओतलं आणि हंडा खळबळावा तसं मला खळबळलं. इथपर्यंत मी सोसलं असतं. पण समई घासायची तर ती आट्यांवर खोलून घासतात. बनुबाईनं माझ्याकडं तशाच नजरेनं बघितलं, आणि माझ्या बटणांखालची झाकणं फिरवायला लागली.

आता माझ्या पोटातलं सांगतो. माझ्या तीन बटणांखाली तीन पिस्टन आहेत. दिसायला तिन्ही भावंडं सारखी, पण प्रत्येकाची भोकं वेगळ्या जागी. पहिला पहिल्याच घरात बसला पाहिजे. घर बदललं की हवेची वाटच बंद होते. बनुबाईनं तिन्ही बाहेर काढले, चिंच लावली, दगडावर उन्हात वाळत घातले, आणि हाताला येईल तसे परत घातले. बसले की. टक् करून बसले. मग प्रत्येक बटणाला हळदीकुंकू, तोंडाला झेंडूची माळ आणि वर अक्षता, त्यातल्या काही थेट माझ्या नळीत.

संध्याकाळी घरातले सगळे थक्क झाले. "आगं आत्या, सोन्यागत झालाय की," संस्कृती म्हणाली. खरंच, जन्मल्यापासून मी इतका कधी चमकलो नव्हतो. आणि इतका मुकाही कधी नव्हतो. ओरडता येत असतं तर ओरडलो असतो, की उघडा, मला परत उघडा.

पूजेला मांडलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत कुणी उचलत नाही, म्हणून मला कुणी फुंकलं नाही, आणि दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी परीक्षा आली. शाळेच्या पटांगणात पोरं रांगेत. संस्कृतीनं मला तोंडाला लावलं आणि फुंकलं. हवा माझ्या पोटापर्यंत आली आणि तिथं भिंतीवर आपटून मागं फिरली. तिनं पुन्हा फुंकलं. गाल लाल, डोळ्यांत पाणी.

"पंक्चर हाय का गं?" मागून एक पोरगा म्हणाला.

"पंप आनू का आमचा, सायकलचा?" दुसरा.

भागवत सर चांगला माणूस. पण ते बिगुल शिकलेले, आणि बिगुलाला बटणंच नसतात. स्वतः एकदा फुंकून बघितलं असतं तर त्यांना कळलं असतं. पण दुसऱ्याचं उष्टं तोंडाला कोण लावतो? घरीही कुणी लावत नव्हतं. माझी परीक्षा घ्यायला जगात एकच तोंड होतं, आणि ते तोंड आता स्वतःलाच दोष देत होतं.

"दम कमी पडतोय संस्कृती," सर म्हणाले. "दिवाळीनंतर परत बघू."

त्यानंतर ती रोज विहिरीवर येऊन फुंकायची. ओठ सुजले. हवा जायची, फिरून यायची. "आधी येत हुतं की," ती मलाच म्हणायची. "माझा दम कुठं गेला?" कुठं गेला नव्हता, पोरी, माझ्या पोटात अडकून पडला होता. पण हे तिला सांगणार कोण? तिची भीती आणि माझी भीती एकाच नळीत कोंडली होती.

घरी तिनं लपवायचा प्रयत्न केला. पण बाप रोज विहिरीवर मोटर चालू करायला यायचा.

"वाजत न्हाई व्हय?"

तिनं मला ओढणीनं पुसायला घेतलं.

"न्हाई तर न्हाई. त्यात काय. दिवाळीच्या बाजाराला नगरला जायाचंच हाय, दिऊन टाकू."

गोरक्षभाऊ रागावले नव्हते. उलट मायेनंच बोलले. मला मात्र त्या मायेनं घाम फुटला.

राहुरी फॅक्टरीच्या थांब्यावरून एसटी धरली. बापलेक आणि बांगड्या घ्यायला निघालेली बनुबाई. मी पिशवीत. रस्त्याला उसाच्या गाड्या, हॉर्न, धूळ. दर खड्ड्याला मला वाटायचं, बस बंद पडावी. बंद पडली नाही.

दुकानात पाय टाकला आणि माझ्या नळीतली उरलीसुरली हवा गेली. काटा मांडलेला होता. घंटा ओतणारा कारागीर बसलेला होता, शेजारी अर्धं भरलेलं पोतं.

"या भाऊ, चहा घ्या," शेठ म्हणाले. "काय म्हणतो बाजा?"

"काय म्हनत न्हाई. तीच अडचन हाय. पोरीला वाजंना."

शेठनं संस्कृतीकडं पाहिलं. तिचे दोन्ही हात ओढणीत होते. शेठनं सुस्कारा टाकला. गिऱ्हाईक गेलं, हे त्यांना कळलं. "असू द्या. जुनाच होता," ते म्हणाले आणि मला उचलून पोत्याच्या वर ठेवलं. खाली कुणाचीतरी वाकलेली नळी माझ्या पाठीला टोचली. कारागिरानं हात पुढं केला, मला उचललं आणि काट्याच्या पारड्यात ठेवलं. पारडं खाली गेलं. वजन भरतंय म्हणून तो खूश दिसला.

"आरं आरं, मोडीत?" बनुबाईला ते सहन झालं नाही. "येवढा लख्ख बाजा मोडीत? मी माज्या हातानं घासलाय. चिंच लावून, राख लावून. आतून-बाहेरून."

"आतून?" शेठ म्हणाले.

"मग? तिन्ही दांडं काढलं, धुतलं, वाळवलं, परत घातलं. समई काय न खोलता घासत्यात तुमच्याकडं?"

शेठचा चहाचा कप तोंडाशीच थांबला. मग ते हसायला लागले. बसल्या जागी हलून हलून, आवाज न करता, डोळे पुसत. "मावशी," ते म्हणाले, "धन्य आहे तुमची."

त्यांनी मला पारड्यातून काढलं. झाकणं फिरवली. पिस्टनवर आकडे कोरलेले असतात. तीनचा पिस्टन एकच्या घरात, एक दोनच्या घरात. नळीतून दोन अक्षता आणि झेंडूची पाकळी निघाली. शेठनं पुसलं, तेल सोडलं, भावंडांना आपापल्या घरी घातलं. आणि मला संस्कृतीपुढं धरलं.

"वाजव."

ती मागं सरली. "नको."

"का गं?"

ती खाली बघून म्हणाली, "आता न्हाई वाजला तर?"

मला तिचं म्हणणं बरोबर कळलं. मी बिघडलेलो होतो तोवर तिला माझा आडोसा होता. आता मी नीट झालो होतो आणि तिचा आडोसा गेला होता. मी तर काट्याच्या शेजारीच होतो, मला तर कसलाच आडोसा नव्हता. आम्ही दोघं घाबरून एकमेकांकडं बघत राहिलो.

तेव्हा शेठनं काय करावं? त्यांनी पाठ फिरवली. ढोलकीचं कातडं ओढून बघायला लागले. "भाऊ, जरा बाहेर ऊन बघा किती आहे. मावशी, तुम्ही त्या बांगड्यांच्या दुकानाकडं बघा. आम्ही कुणी बघत नाही, बरं का पोरी." कारागिरालाही त्यांनी खूण केली. तोही भिंतीकडं तोंड करून बसला.

माझ्या माउथपीसला तिचे ओठ लागले. थरथर तीच. हवा आली, पहिल्या घरातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या, आणि कुठंच भिंत लागली नाही. दुकानातल्या सगळ्या ढोलांची कातडी त्या सुरानं थरारली. सूर फाटका होता, पण होता.

"बगा," बनुबाई वळून म्हणाली. "घासल्यामुळंच वाजला."

शेठनं तिच्यासाठी आणखी एक चहा सांगितला.

शेठ धंद्यातला माणूस. त्यांनी लगेच विकायला घेतलं नाही. "सव्वीस जानेवारीपर्यंत राहू द्या भाड्यानं. तेव्हा पोरगी वाजवायला उभी राहिली तर घ्या. नाही तर हे आहेतच," त्यांनी काट्याशेजारच्या कारागिराकडं बोट केलं. म्हणजे माझी शिक्षा माफ झाली नव्हती, नुसती पुढं ढकलली होती.

दिवाळीनंतरच्या परीक्षेतून ती कशीबशी बँडमध्ये बसली, शेवटच्या रांगेत. पण बघणारे जमले की तिचा सूर हरवायचा. सव्वीस जानेवारीच्या आदल्या सरावात सर तिच्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "पाहुणे यायचेत. तू उद्या नुसता धर. गाल फुगव, पण आवाज काढू नको. कुणाला कळायचं नाही."

तुम्हाला सांगतो, ही युक्ती मला नवी नव्हती. लग्नाच्या बँडमध्ये बारा जणांची सुपारी असायची आणि वाजवणारे आठच. उरलेले चार गणवेश घालून गाल फुगवायचे. सरांनी हे तिचं भलं बघूनच सांगितलं होतं. पण नुसता धरायचा बाजा कुणी विकत घेतो का? मी रात्रभर त्या पोत्याचा विचार करत टांगलेला होतो.

सकाळी पटांगण भरलं. झेंडा, पाहुणे, रांगोळी, गावची माणसं. गोरक्षभाऊ लांब, सायकलींच्या रांगेमागं उभे. संस्कृतीची बोटं गार पडली होती, इतकी की माझं पितळ तिच्यापेक्षा ऊबदार लागत असेल. सरांनी हात वर केला. पुढच्या रांगांनी सुरुवात केली. ती गाल फुगवून उभी. एक ओळ गेली. दुसरी गेली.

मला वाटतं, नुसते गाल फुगवणं तिला वाजवण्यापेक्षा अवघड गेलं असावं. कारण तिसऱ्या ओळीला हवा आली. आधी चोरटी, मग सगळीच्या सगळी. मी भीत भीत वाजलो, पण वाजलो. तिचे डोळे घट्ट मिटलेले होते. आणि डोळे मिटलेले असल्यामुळं सरांचा हात खाली आलेला तिला दिसला नाही. सगळे थांबले. ती थांबली नाही. भरल्या पटांगणात, पाहुण्यांसमोर, आमचा दोघांचाच सूर लांबत लांबत गेला.

मग तिनं डोळे उघडले.

लोक बघत होते. सगळे. तिला नेमकं जे नको होतं तेच. तिनं मला झटकन खाली घेतलं.

कार्यक्रम संपल्यावर सर आले. "काय सांगितलं होतं मी तुला?"

"धर म्हनून."

सर जरा वेळ मिशी चोळत राहिले. "बरं. सुरू करायचं तुला आलंय, असं दिसतंय. उद्यापासून थांबायचं शिकू."

परतताना बापाच्या मोटरसायकलवर मी तिच्या मांडीवर होतो, पिशवीबाहेर. कॅनॉलच्या पुलावर गोरक्षभाऊंनी गाडी थांबवली.

"शेवटी येक सूर लांबला, त्यो कुनाचा?"

"माझा," ती म्हणाली. "चुकला, पप्पा. समदे थांबले, मी थांबले न्हाई."

"चुकला व्हय? मला वाटलं मुद्दाम ठिवलाय तसा. लई लांब गेला." त्यांनी गाडीला किक मारली, पण निघाले नाहीत. "सोमवारी नगरला जाऊन येतो."

नगर म्हटल्यावर माझं काय झालं असेल, तुम्हीच ओळखा.

"कशाला?" तिनं विचारलं. तिचा हात माझ्यावर घट्ट झाला होता.

"रामहरीशेठला सांगून येतो, बाजा आता मागू नका म्हनून."

तर आता मी त्या घरचा आहे. भीती गेली का? नाही. तिची तर अजिबात नाही. अजून दर वेळी ओठ थरथरतात आणि मीही आतून थरथरतो. फक्त आता दोघं मिळून भितो. तुमच्याकडं एकच मागणं आहे. तुमच्या शेजारी कुणाच्या घरी नवं वाद्य आलं, तर पहिले काही महिने तुमच्या कानांना त्रास होईल. खरंच होईल, मी स्वतः तो त्रास आहे. पण खिडकी लावायचीच झाली तर हळू लावा. आत कुणीतरी आणि काहीतरी, दोघंही घाबरत घाबरत ऐकत असतात, खिडकीचा आवाज येतो का.